रॉबर्ट ब्रूसच्या गुहेत कोळी नव्हता

इंग्रजांकडून हरून गुहेत लपलेला स्कॉटलंडचा राजा ब्रूस, पुन्हा पुन्हा पडूनही जाळं विणणारा कोळी, आणि त्यातून मिळालेली जिद्द. शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलेली ही गोष्ट खरी मानायला आधार नाही.

ब्रूसच्या मृत्यूनंतर अर्धशतकाच्या आत जॉन बार्बरने त्याच्यावर प्रदीर्घ काव्य रचलं. त्यात कोळी कुठेच नाही. सतराव्या शतकात डग्लस घराण्याच्या इतिहासात तो येतो, पण तिथे त्याला पाहणारा ब्रूस नसून त्याचा सरदार जेम्स डग्लस आहे! १८२८ च्या सुमारास वॉल्टर स्कॉटने नातवासाठी लिहिलेल्या इतिहासकथांत ही गोष्ट ब्रूसच्या नावावर आली आणि जगभर पसरली.

खरी हकीकत कितीतरी जास्त काळीज हलवणारी आहे. मार्च १३०६ मध्ये राज्याभिषेक, जूनमध्ये मेथव्हेनच्या लढाईत त्याच्या सैन्याची दाणादाण. भाऊ नील पकडला जाऊन मारला गेला. बहीण मेरीला इंग्रजांनी रॉक्सबर्गच्या किल्ल्यात पिंजऱ्यात कोंडलं. पुढच्या वर्षी आणखी दोन भाऊ गेले. तरी त्याच १३०७ च्या मे महिन्यात ब्रूसने लाउडन हिलवर इंग्रज घोडदळाच्या वाटेत खंदक खणून त्याला कोंडीत पकडलं आणि लढाई जिंकली. हे श्रेय त्याचं आणि त्याच्या माणसांचं आहे.