लिफ्ट किती हव्यात याचा हिशोब आणि इंटरव्हल-वेटिंग टाइमचा घोळ

उंच बिल्डिंगला लिफ्ट किती, केवढ्या आणि किती स्पीडच्या घ्यायच्या ही चर्चा निघाली की दोन शब्द हमखास येतात, इंटरव्हल (खालून एकापाठोपाठ लिफ्ट सुटण्यातलं अंतर) आणि वेटिंग टाइम (माणसाला लिफ्टसाठी थांबावं लागतं तो वेळ). बरेच जण दोन्ही एकच समजून बोलतात. हा घोळ आजचा नाही, म्हणून जरा मागून सांगतो.

अगदी सुरुवातीला असा काही हिशोबच नव्हता. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका ५ मजली दुकानात पहिली प्रवासी लिफ्ट बसली तेव्हा लोकांना काळजी होती ती दोर तुटला तर काय याची. पुढे वाफेवर चालणाऱ्या लिफ्ट गेल्या, पाण्याच्या दाबावरच्या लिफ्ट आल्या, १८८० मध्ये मानहाइमला विजेवरची दाखवली गेली, मग गिअरशिवाय थेट मोटरवर चालणारं गिअरलेस मशीन आलं आणि उंची गाठायचा प्रश्न मिटला. राहिला तो गर्दीचा. सकाळी अख्खं ऑफिस एकदम खाली येऊन उभं राहतं, त्यांना वर कसं न्यायचं?

त्यावर निघालेला हिशोब आजही चालतो. लिफ्ट खाली माणसं भरते, थांबत थांबत सगळ्यांना सोडते, रिकामी खाली येते, या एका फेरीचा वेळ काढायचा. यात थांबे फार खातात. वर १५ मजले आणि आत १० माणसं असतील तर सरासरी साडेसात थांबे होतात, त्यामुळे नुसता स्पीड वाढवून फारसं हाती लागत नाही, दार किती पटकन उघडतं-मिटतं त्यालाही तेवढंच महत्त्व. समजा फेरी १२० सेकंदांची आणि लिफ्ट ४, तर दर ३० सेकंदांनी एक लिफ्ट सुटते. हा इंटरव्हल. ५ मिनिटांत १० फेऱ्या, १०० माणसं वर, आणि बिल्डिंगमध्ये ८०० लोक असतील तर साडेबारा टक्के. ऑफिससाठी हे बरं मानतात. (१० माणसं धरली ती १००० किलोच्या लिफ्टमध्ये, पाटीवर १३ लिहिलेलं असतं तरी. १३ हा आकडा माणशी ७५ किलोने भागून येतो, आतली जागा जेमतेम २.४ चौरस मीटर, प्रत्यक्षात १३ जण कुणी शिरत नाही.)

आता घोळ कुठे होतो बघा. पूर्वी लिफ्टमध्ये चालवणारा माणूस असायचा आणि मोठ्या इमारतींच्या लॉबीत एक जण उभा राहून ठरावीक अंतराने लिफ्ट सोडायचा. तेव्हा इंटरव्हल ही खरोखर पाळली जाणारी गोष्ट होती. १९५० नंतर चालवणारे गेले, बटणं आणि कंट्रोलर आले, अंतर पाळणारं कुणी उरलं नाही, पण कागदावर आकडा तोच राहिला. वरच्याच ४ लिफ्ट घ्या. बरोबर ३०-३० सेकंदांनी सुटल्या तर मधेच येणारा माणूस सरासरी १५ सेकंद थांबेल. पण त्या घोळक्याने आल्या, म्हणजे १०, १०, १० आणि मग ९० सेकंदांचं अंतर पडलं, तर सरासरी थांबणं ३५ सेकंदांवर जातं, कारण बहुतेक लोक त्या ९० सेकंदांच्या मोठ्या खिंडीतच येऊन सापडतात. इंटरव्हल मात्र दोन्हीकडे ३०! शिवाय आलेली लिफ्ट भरलेली निघाली आणि माणूस मागे राहिला तर तेही इंटरव्हलमध्ये दिसत नाही. ‘इंटरव्हल ३० म्हणजे लोक ३० सेकंद थांबतील’ असं प्रेझेंटेशनमध्ये सांगतात तेव्हा मला खरंच राग येतो, कारण त्याच आकड्यावर शाफ्ट (लिफ्ट ज्यातून वर-खाली जाते ती उभी पोकळी) किती ते ठरतं, आणि आरसीसी झाल्यावर पाचवा शाफ्ट कुठून आणणार?

खूप उंच टॉवरमध्ये हिशोब वेगळ्या वाटेने गेला. सगळ्या लिफ्ट तळापासून वर नेल्या तर खालचे मजले शाफ्टमध्येच संपतात, म्हणून झोन पाडले, म्हणजे मजल्यांचे गट करून प्रत्येक गटाला वेगळ्या लिफ्ट दिल्या, आणि सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या जुळ्या टॉवरमध्ये ४४व्या आणि ७८व्या मजल्यावर लिफ्ट बदलायच्या लॉबी केल्या.

नव्वदच्या दशकात लॉबीतच मजला दाबायची पद्धत आली. कल्पना साठच्या दशकातली, पण मायक्रोप्रोसेसर आल्याशिवाय जमणारी नव्हती. एका मजल्याची माणसं एकाच लिफ्टमध्ये टाकायची म्हणजे थांबे कमी. इथे मात्र इंटरव्हल आणखीच निकामी होतो, समोरून लिफ्ट सुटते पण ती तुमची नसते, थांबणं कधीकधी वाढतं आणि तरी माणूस वर लवकर पोचतो. म्हणून मग पोचायला लागलेला एकूण वेळ हे तिसरं माप आलं.

दुपारच्या जेवणाची वेळही आता जड जाते. सकाळी येणारे पांगले, पण दुपारी वर, खाली आणि मधल्या मजल्यांवर एकदमच ये-जा असते, ती एका फेरीच्या सूत्रात नीट बसत नाही. कॉम्प्युटरवर एकेक माणूस सोडून बघणारं सिम्युलेशन त्यासाठी लागतं. २०२० मध्ये ऑफिस, हॉटेल आणि राहत्या इमारतींसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आलं त्यात दोन्ही पद्धती आहेत. सूत्राने केलं तर इंटरव्हल तपासायचा, सिम्युलेशनने केलं तर वेटिंग टाइम. दोन्ही आकडे सेकंदांतच येतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे रिपोर्ट शेजारी ठेवताना कुणी कोणता मोजलाय हे आधी बघावं लागतं.