फोन आवाजाबद्दल खोटं बोलतो, सुराबद्दल नाही

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर आम्ही पाच-सहा जण दर रविवारी गायला बसतो. नियम एकच. प्रत्येकाने गायचं, ते फोनवर रेकॉर्ड करायचं आणि मग सगळ्यांनी मिळून ऐकायचं. परवा आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याने यमन राग गायला. रेकॉर्डिंग लावलं आणि त्याचा चेहरा पडला. "हा माझा आवाजच नाही. फोनचा माइक भंगार आहे."

काकू चहा ओतता ओतता म्हणाल्या, "आवाजाचं राहू दे रे. षड्ज, म्हणजे साच उतरलाय तुझा, तोही माइकनेच उतरवला का?"

गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर होतं.

दोन्ही कानांत बोटं घालून आधी 'आ' आणि मग तेवढ्याच जोराने 'ई' म्हणून बघा. 'ई' डोक्यात घुमतो. 'ई' म्हणताना जीभ वर जाते, तोंडातली वाट अरुंद होते, ध्वनीचा दाब आत राहतो आणि जबडा, टाळू, कवटी जास्त थरथरतात. ही थरथर हाडांतून थेट अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीपर्यंत जाते. शिवाय जबड्याशेजारची कर्णनलिकेची मऊ भिंतही हलते. एरवी तिथला खर्ज, म्हणजे खालची कंपनं, उघड्या कानातून बाहेर निसटतो. बोटाने दार बंद केलं की तो पडद्यावर आदळतो.

म्हणजे स्वतःचा आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून आणि हाडांतून. दोन्ही वाटांचा वाटा साधारण सारख्याच तोलाचा असतो, असं गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवलं होतं. शंखाकृती नळीत लाट कशी धावते याचा उलगडा केल्याबद्दल 1961चं नोबेल मिळालं ते हेच. हाडांची वाट खालच्या कंपनांना धार्जिणी. हवेची वाट वरच्या कंपनांच्या बाबतीत कंजूष, कारण कान तोंडाच्या मागे आहेत. 200 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 200 कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी 1.7 मीटर, तो डोक्याला सहज वळसा घालतो. 3000 हर्ट्झची जेमतेम 11 सेंटिमीटर. तो समोरच्या श्रोत्याकडे सरळ निघून जातो, आपल्या कानाकडे थोडाच वळतो. त्यामुळे आपला आवाज आपल्याला भरदार, गोल वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा हिस्सा गळतो, त्यात फोनच्या चिमुकल्या स्पीकरला खर्ज झेपत नाही, आणि मग आवाज पिचका, परका वाटतो. धाकट्याची तक्रार इथवर खरी.

पण हाडं असोत की हवा, सेकंदाला 138 कंपनं आत शिरली तर 138च पोचतात. वाट बदलली की आवाजाचा पोत बदलतो, स्वराची उंची बदलत नाही. काकूंचा मुद्दा हाच. मग गाताना त्याला कळलं कसं नाही?

इथे थोडं गणित आहे. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, खालचा षड्ज म्हणजे 138.6 हर्ट्झ. पेटीच्या शेजारशेजारच्या काळ्या-पांढऱ्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचे शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. धाकटा 10 सेंट उतरला, म्हणजे 137.8 वर गेला. तंबोरा आणि गळा यांच्यात 0.8चा फरक पडला, म्हणजे दोन्ही ध्वनी मिळून सेकंदाला 0.8 वेळा फुगणार-ओसरणार. इतकं संथ डोलणं लक्षात येणं कठीण. पण जवारी लावलेल्या, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा बसवून झंकार आणलेल्या तंबोऱ्यात वरचे स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर, भरपूर असतात. चौपट कंपनांच्या स्वराशी हाच फरक 3.2 होतो, आणि ती लहर जाणत्या कानाला टोचते. अट एवढीच, की दोन्ही ध्वनी तोलामोलाचे हवेत. एक फार मोठा असला तर लहर त्यात बुडून जाते. गाणाऱ्याच्या डोक्यात स्वतःचा गळा दणदणत असतो, त्यापुढे तंबोरा किस झाड की पत्ती! वर मेंदूही गाताना स्वतःच्या आवाजाला दिलेला प्रतिसाद मंद करतो. तीन मीटरवर चहा ओतणाऱ्या काकूंच्या कानात मात्र गळा आणि तंबोरा बेताच्या प्रमाणात पोचतात. त्यांचा कान आमच्यापेक्षा तयार आहेच, पण त्या बसतातही योग्य जागी.

म्हणून आम्ही अभिप्रायाची रीत बदलली. "छान झालं" बंद. कुठल्या ओळीत, कुठला स्वर, चढा की उतरा, एवढंच सांगायचं आणि रेकॉर्डिंगमध्ये ती जागा पुन्हा लावायची.

ग्वाल्हेरातल्याच हजिऱ्याला तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, असं अजूनही सांगतात. डिसेंबरात तानसेन समारोहाला आलेले पाहुणे हौसेने पानं तोडतात. गिळलेलं पान अन्ननलिकेत जातं. त्या क्षणी स्वरयंत्रावर झाकण पडलेलं असतं, त्यामुळे पानाची आणि स्वरतंतूंची भेटच होत नाही. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं, एवढाच फायदा. आणि झाडाने काय पाप केलंय?

तर यमन. त्या दिवशी तंबोरा ॲपवर होता, आणि तो फोन धाकट्यापासून चार हात लांब, सतरंजीवर पालथा. मैफलीत दोन तंबोरे गवयाच्या पाठीमागे, दोन्ही कानांशी असतात, त्याचं कारण तेव्हा मला नीट उमगलं. पुढच्या रविवारी काकूंनी कपाटावरचा लाकडी तंबोरा काढला, तारा लावल्या आणि त्याच्या उजव्या कानाला खेटून बसल्या. दुसऱ्याच आवर्तनात तो स्वतःहून थांबला, घसा खाकरला आणि षड्ज केसभर वर उचलला. आम्ही कोणी काही बोललो नव्हतो.