व्हेन्ट्रू कुळाची खेळी: मतांच्या आडचा हिशेब

‘व्हँपायर: द इटर्नल स्ट्रगल’ या पत्त्यांच्या खेळात व्हेन्ट्रू कुळ घेऊन बसलेल्या नवख्याला पहिला सल्ला ठरलेला असतो: मतदान कर. पदं तुझ्याकडे, मतं तुझ्याकडे, एकामागून एक ठराव आण आणि टेबल चालव. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. व्हेन्ट्रू हरतो तेव्हा सहसा मतं कमी पडलेली नसतात, रक्त कमी पडलेलं असतं. इतके महागडे म्हातारे व्हँपायर आणायचे कसे आणि पोसायचे कसे, हा प्रश्न या कुळाला १९९४ पासून चिकटलेला आहे. प्रकाशक बदलले, नियम घासूनपुसून घेतले गेले, तरी या कुळाची प्रत्येक चांगली चाल त्याच प्रश्नाला उत्तर शोधत आलेली आहे.

मूळ जग पत्त्यांचं नव्हे. ‘व्हाइट वुल्फ’ या अमेरिकी कंपनीने १९९१ मध्ये ‘व्हँपायर: द मास्करेड’ हा भूमिका वठवण्याचा खेळ काढला. त्यात व्हँपायरांची कुळं, त्यांची भांडणं, त्यांचा लपवलेला राज्यकारभार असं सगळं रचलेलं होतं. व्हेन्ट्रू म्हणजे त्यातले खानदानी. आपण राज्य करायलाच जन्मलो, अशा थाटात वावरणारे. कथेत प्राचीन रोमच्या पाठीशी हेच आणि कार्थेजच्या पाठीशी ब्रुहा कुळ, आणि त्या वैराची कटुता हजारो वर्षं टिकलेली. १४९३ च्या थॉर्न्सच्या तहानंतर कॅमॅरिला नावाची जी संघटना पक्की झाली, तिचं पुढारपणही बहुतेक यांच्याच हाती. पत्त्यांत हे कुळ पदव्यांनी का लगडलेलं आहे, ते इथून कळतं.

पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफिल्डने रचला. १९९३ ला ‘मॅजिक’ काढून त्याने पत्ते जमवून खेळायचा हा प्रकारच सुरू केला होता. त्याच ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीने ऑगस्ट १९९४ मध्ये हा दुसरा खेळ ‘जिहाद’ या नावाने आणला, आणि नावावरून वाद नको म्हणून १९९५ मध्ये आजचं नाव दिलं. दोन्ही नावांच्या पत्त्यांची पाठ वेगळी आहे. जुने-नवे एकत्र पिसायचे तर पाठ न दिसणारी स्लीव्ह लागते, हे आजही खरं आहे.

गारफिल्डला या वेळी दोघांचा सामना नको होता, चार-पाच जणांचं टेबल हवं होतं. प्रत्येकाकडे ३० गुण असतात, त्यांना पूल म्हणतात. आम्ही बेळगावात टिळकवाडीत खेळतो तेव्हा ते गुण म्हणजे ३० चिंचोके. डावीकडचा तुमची शिकार, उजवीकडचा तुमचा शिकारी. शिकारीचे चिंचोके संपवले की तुम्हाला एक विजयगुण आणि वर सहा चिंचोके. ज्यांचं बालपण मेंढीकोट खेळण्यात गेलं, त्यांना इथे पहिल्या डावात भिडू शोधायची खोड असते. भिडू नाहीच. समोर बसलेला आज उपयोगी पडतो, उद्या तुमची शिकार होतो. “मला कशाला मारायलास बे, तुझी शिकार डावीकडं बसल्या की!” ही आरोळी आमच्याकडे प्रत्येक डावात एकदा तरी उठते, आणि खेळाचं अर्धं नियमपुस्तक त्या एका वाक्यात येतं.

आता मुख्य गोम. व्हँपायर फुकट येत नाहीत. पत्त्यावर छापलेल्या क्षमतेएवढे चिंचोके आपल्याच ढिगातून त्याच्यावर ठेवावे लागतात, एका पाळीत जास्तीत जास्त चार. तेच मग त्याचं रक्त. ज्याची पहिली पाळी त्याला सुरुवातीला एकच ठेवता येतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. म्हणजे दहा क्षमतेचा म्हातारा आणायचा तर तीन-चार पाळ्या हात चोळत बसायचं आणि तिसातले दहा घालवायचे. इनर सर्कलमधली, म्हणजे कॅमॅरिलाच्या सगळ्यात वरच्या मंडळातली अरिका तर ११ ची. ती टेबलावर येते तेव्हा रुबाब मोठा असतो, पण तुमच्यासमोर १९ चिंचोके उरलेले असतात, आणि उजवीकडच्याला ते दिसत असतात.

या खर्चाच्या बदल्यात पद मिळतं. प्रायमोजेनला एक मत, प्रिन्सला दोन, जस्टिकारला तीन, इनर सर्कलला चार. ठराव मांडणाऱ्याला त्या कार्डाचं एक मत वेगळं, बाकीच्यांना हातातलं राजकीय कार्ड टाकून एक-एक मत विकत घेता येतं, बरोबरी झाली तर ठराव पडला. पहिल्या संचातलं ‘काइन रिसोर्सेस कॉन्टेस्टेड’ हे यातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात टिकाऊ हत्यार: चार गुणांचं नुकसान दोन किंवा जास्त खेळाडूंत वाटायचं. ‘पॅरिटी शिफ्ट’ त्याहून खमकं. त्याला प्रिन्स किंवा जस्टिकार लागतो, आणि आपल्यापेक्षा ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याच ढिगाला ते हात घालतं. म्हणजे म्हाताऱ्यांवर पैसा उधळून तुम्ही गरीब झालात की हे कार्ड चालायला लागतं. कुळाची गरिबी आणि कुळाचं हत्यार असं एकात एक बसवलेलं पाहून मला आजही गारफिल्डचं कौतुक वाटतं.

पदांच्या नियमांत आणखी एक गंमत आहे. ‘प्रॅक्सिस सीझर’ नावाची कार्डं असतात, शिकागो, अटलांटा अशी एकेका शहराची. ती खेळून तिथलं प्रिन्सपद बळकवायचं. पण दोन व्हँपायरांनी एकाच शहरावर दावा सांगितला तर पद वादग्रस्त होतं. दोघांचीही मतं गोठतात, आणि दावा टिकवायला दोघांनीही प्रत्येक पाळीत एकेक रक्त जाळायचं, एक माघार घेईपर्यंत. बाहेरगावच्या खेळाडूला हा नियम दोनदा सांगावा लागतो. १९५६ पासून दोन राज्यांच्या दाव्यात आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या तारखांत अडकलेल्या गावात तो एकदा सांगितला तरी पुरतो.

कुळाची तीन अंगं, म्हणजे शक्ती, आहेत: डॉमिनेट, फॉर्टिट्यूड आणि प्रेझेन्स. मतांचं बळ प्रेझेन्समध्ये आहे, म्हणून लोकांची नजर तिकडे जाते. माझ्या मते कुळाचा कणा डॉमिनेट आहे, आणि त्यातही एकच कार्ड: ‘गव्हर्न द अनअलाइन्ड’. साध्या पातळीवर ते शिकारीचं दोन गुणांनी जास्त नुकसान करतं. वरच्या पातळीवर मात्र ते बँकेतलं, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक ढिगातलं, तीन रक्त बाहेर न आलेल्या, वयाने लहान व्हँपायरवर ठेवतं. तुमच्या ढिगातून काही जात नाही, मोठ्याच्या अंगावरचं एक रक्त तेवढं खर्च होतं. एका म्हाताऱ्यावर दहा घालवले की त्याने पुढचा आणायचा, पुढच्याने त्याच्या पुढचा. ‘चौथी परंपरा’ हे कार्डही हेच करतं, फक्त प्रिन्स किंवा जस्टिकारच्या हातून. त्या परंपरेचं छापील नावच ‘द अकाउंटिंग’ आहे. शिवाय व्हँपायरच्या अंगावरचं रक्त परत आपल्या ढिगात ओढणारी ‘ब्लड डॉल’ आणि ‘मिनियन टॅप’ ही मास्टर कार्डं १९९४ पासूनच होती. ही कार्डं न घेता नुसते ठराव भरलेली व्हेन्ट्रू गड्डी म्हणजे चौथ्या पाळीला रिकामा खिसा.

१९९६ च्या ‘द सॅबॅट’ संचात याच कुळाची बंडखोर शाखा आली, व्हेन्ट्रू अँटिट्रिबू. डॉमिनेट आणि फॉर्टिट्यूड तेच, पण प्रेझेन्सऐवजी ऑस्पेक्स, म्हणजे दुसऱ्याची चाल ओळखून अडवायची ताकद. मतं वाढवणारं अंगच काढून घेतलं तरी कुळ चाललं. कणा डॉमिनेटचा आहे हे मी म्हणतो, त्याला याहून चांगला पुरावा नाही.

त्यानंतर विझर्ड्सने खेळ बाजूला ठेवला. २००० मध्ये ‘सॅबॅट वॉर’ घेऊन खुद्द व्हाइट वुल्फनेच तो हाती घेतला आणि दहा वर्षं संच काढले. या काळात व्हँपायरांना गट-क्रमांक मिळाले: गड्डीत एकाच गटाचे किंवा लागोपाठच्या दोन गटांचेच व्हँपायर घ्यायचे. सगळ्या काळातले सर्वोत्तम प्रिन्स वेचून एकत्र बसवायची सोय संपली आणि गड्डी बांधणाऱ्याला हिशेब नव्याने मांडावा लागला. त्याच धर्तीचा दुसरा नियम: एका व्हँपायरने एका पाळीत एकच राजकीय कृती करायची, आणि ब्लीडही, म्हणजे शिकारीच्या पूलवरचा थेट हल्लाही, एकदाच, तो पुन्हा सज्ज झाला तरी. फॉर्टिट्यूडमधलं ‘फ्रीक ड्राइव्ह’ व्हँपायरला कृतीनंतर पुन्हा उभं करतं. पण दोन ठराव आणता येत नाहीत म्हटल्यावर चाल अशी बसली: आधी ठराव, मग फ्रीक ड्राइव्ह, मग गव्हर्न. ठरावाने शिकार खिळखिळी करायची, दुसऱ्या कृतीने एकतर तिला संपवायचं किंवा पुढचा व्हँपायर उभा करायचा. परदेशात या घडीला गमतीने ‘लॉ फर्म’ म्हणतात. वकिलांचं ऑफिसच, फी वेगळी आणि खर्च वेगळा.

२००६ मध्ये व्हाइट वुल्फ आइसलँडच्या सीसीपी कंपनीत विलीन झाली आणि २०१० मध्ये पत्त्यांची छपाई थांबली. खेळ तिथेच मेला असता. पण खेळाडूंच्या जागतिक संघटनेने, व्हीईकेएनने, २०१३ मध्ये ‘डान्स मकाब्र’ आणि २०१४ मध्ये ‘द अनअलाइन्ड’ हे संच फुकट उतरवून घ्यायच्या पीडीएफ स्वरूपात दिले. आमच्यासारख्यांना खेळ खऱ्या अर्थाने हाती आला तो या कागदांमुळे. मूळ पत्ते मागवायचे तर कुरिअर आणि कस्टम्सचा खर्च पत्त्यांपेक्षा जड. इथे कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे जाड कागदावर रंगीत प्रिंट काढायची, कटरने कापायची, आणि मागे जुन्या रमीच्या कॅटमधला एक पत्ता घालून स्लीव्हमध्ये सरकवायची. स्लीव्हच्या मागून बदामची राणी दिसायला लागली की कळतं, स्लीव्ह स्वस्तातली घेतली.

२०१८ पासून ‘ब्लॅक चँट्री प्रॉडक्शन्स’कडे परवाना आहे आणि छपाई पुन्हा सुरू झाली. २०२० मध्ये ‘फिफ्थ एडिशन’च्या तयार गड्ड्या आल्या, कॅमॅरिलाच्या पाच कुळांच्या: माल्केव्हियन, नॉस्फेरातू, टोरिअडॉर, ट्रेमेर आणि व्हेन्ट्रू. नव्या कथेत ब्रुहा आणि गँग्रेल संघटनेतून बाहेर पडले होते, म्हणून त्यांची पाळी नंतर. थॉमॅटर्जी या अंगाचं नाव ब्लड सॉर्सरी झालं, कुठे काय नि कुठे काय, पण व्हेन्ट्रूची तिन्ही अंगं जशीच्या तशी राहिली. नव्याने सुरू करणाऱ्याला मी तीच गड्डी सांगतो, आणि त्यात हात घालायचाच असेल तर गव्हर्न काढून ठराव वाढवू नका एवढंच बजावतो.

आमच्याकडे बहुतेकदा चौघंच जमतात, आणि चौघांच्या टेबलावर या कुळाचं गणित पाचांपेक्षा वेगळं बसतं. समोरच्या खेळाडूचा शिकारी म्हणजे तुमची शिकार, आणि त्याची शिकार म्हणजे तुमचा शिकारी. त्यामुळे काइन रिसोर्सेसचे तीन गुण डावीकडे आणि एक उजवीकडे टाकले की समोरच्याचे दोन्ही शेजारी कमजोर होतात, आणि तो स्वतःहून तुमच्या बाजूने मत देतो, काही मागतसुद्धा नाही. उजवीकडे एकापेक्षा जास्त टाकायचा मोह होतो, कारण तोच तुम्हाला छळत असतो. पण तो बाद झाला तर विजयगुण आणि सहा चिंचोके समोरच्याला, आणि वर समोरचाच तुमचा नवा शिकारी. डावीकडचा बाद झाला तर विजयगुण तुमचा, पण त्या क्षणी समोरचा तुमची शिकार होतो, त्याची मतं उलटी फिरतात. म्हणून डावीकडच्याचे चार-पाच चिंचोके उरले की जाणता व्हेन्ट्रू ठराव थांबवतो, एक-दोन पाळ्या नुसतं गव्हर्न करून खिसा भरतो, आपल्यावरचा ब्लीड दुसऱ्याकडे वळवणारं ‘डिफ्लेक्शन’ हातात धरून बसतो, आणि शेवटचा ठराव आणायच्या आधी आपली एकट्याची मतं मोजून घेतो.