हार्ड डिस्क दमली आहे की आजारी आहे?

संगणक सुरू व्हायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागू लागला, साधी फाइल उघडतानाही पडदा गोठू लागला आणि आतून सतत करकर ऐकू येऊ लागली, की बहुतेक जण सुचतील ते उपाय एकामागून एक करत सुटतात: डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणे), संपूर्ण डिस्कची तपासणी, नको असलेले प्रोग्रॅम काढणे आणि सरतेशेवटी विंडोज नव्याने टाकणे. यांपैकी एकही उपाय मुळात चुकीचा नाही. मात्र डिस्क मंदावण्याची कारणे दोन अगदी वेगळ्या प्रकारची असतात आणि एका प्रकारावरचा उपाय दुसऱ्या प्रकारात डिस्कचा शेवट जवळ आणू शकतो. कधी डिस्क धडधाकट असते, पण तिच्यावर झेपणार नाही इतके काम पडलेले असते. कधी काम नेहमीइतकेच असते, पण आतल्या फिरत्या तबकडीवरची माहिती वाचणेच तिला जड जाऊ लागलेले असते. बाहेरून दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात, म्हणून उपायाआधी निदान हवे.

हार्ड डिस्क हे मुळात एक यंत्र आहे. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये ५० तबकड्या होत्या आणि त्या मिनिटाला १२०० फेरे घेत असत; आज घरगुती संगणकातली डिस्क ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. साठवणक्षमता लाखो पटींनी वाढली, पण फिरण्याचा वेग फार तर सहा पट झाला. मंदपणाचे मूळ बहुतांशी या विषमतेत आहे. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा शीर्षाखाली (माहिती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि त्याआधी शीर्ष योग्य मार्गावर, म्हणजे तबकडीवरच्या हव्या त्या वर्तुळावर, नेण्यात साधारण नऊ मिलिसेकंद गेलेले असतात. तेव्हा विखुरलेल्या जागांवरून माहिती आणायची तर एका जागेला तेरा मिलिसेकंद लागतात आणि एका सेकंदात जेमतेम पंचाहत्तर जागा गाठता येतात. प्रत्येक ठिकाणी ४ किलोबाइट वाचले, तर सेकंदाला अवघे ३०० किलोबाइट हाती लागतात. हीच डिस्क सलग लिहिलेला मोठा चित्रपट वाचताना सेकंदाला दीडशे मेगाबाइट सहज देते. पाचशे पटींचा हा फरक बिघाडामुळे पडत नाही, तो यंत्राच्या घडणीतच आहे.

हे ध्यानात ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ या भागातील डिस्कचा आलेख पाहावा. ‘ॲक्टिव्ह टाइम’ १०० टक्के आहे आणि माहितीचा वेग सेकंदाला एक मेगाबाइटसुद्धा नाही, हे दृश्य पाहून अनेक जण डिस्क खराब झाल्याचा निष्कर्ष काढतात. तो घाईचा आहे, कारण विखुरलेले वाचन चालू असताना निरोगी डिस्कही नेमकी अशीच दिसते. त्याहून बोलका आकडा शेजारीच असतो, तो म्हणजे सरासरी प्रतिसादकाल. तो दहा-वीस मिलिसेकंदांच्या आसपास असेल, तर डिस्क आपले काम नीट करत आहे. तो शेकड्यांत गेला असेल, तर एक तर तिच्यासमोर मागण्यांची मोठी रांग लागली आहे किंवा ती एखाद्या जागी अडखळत आहे. यांतले खरे काय, हे ठरवण्यासाठी विंडोजमधलेच रिसोर्स मॉनिटर हे साधन उघडून कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल वाचत आहे ते पाहावे. सगळे प्रोग्रॅम बंद करून, अद्ययावतीकरण आणि व्हायरस तपासणी पूर्ण होऊ देऊन, संगणक अर्धा तास तसाच ठेवावा. त्यानंतर आलेख शांत झाला, तर डिस्क बहुधा फक्त दमलेली होती.

अशा दमण्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण डिस्कमध्ये नसतेच, ते रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीत, असते. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवरील पेजफाइलमध्ये हलवते आणि लागेल तसा परत आणते. हा सारा व्यवहार लहान-लहान तुकड्यांचा असल्यामुळे डिस्कच्या सर्वांत दुबळ्या बाजूवरच ताण येतो. रिसोर्स मॉनिटरमध्ये पेजफाइलचे नाव सतत वर दिसत असेल, तर रॅम वाढवणे हाच खरा उपाय होय. डीफ्रॅगचा मोठा गाजावाजा होतो; पण विंडोज ते काम ठरावीक काळाने स्वतःच करत असते, त्यामुळे मुद्दाम केल्याने सहसा फारसा फरक पडत नाही. काही नव्या डिस्कमध्ये मात्र जागा वाचवण्यासाठी माहितीचे मार्ग एकमेकांवर किंचित चढवलेले असतात. तिथे एक मार्ग बदलायचा म्हणजे शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, म्हणून मोठी नक्कल करताना सुरुवातीचा चांगला वेग काही वेळाने अचानक कोसळतो. तोही बिघाड नव्हे.

आता आजाराकडे वळू. एखाद्या सेक्टरमधली (तबकडीवरच्या लहानशा कप्प्यातली) माहिती स्पष्ट वाचता आली नाही, तर डिस्क लगेच हार मानत नाही. ती पुढच्या फेऱ्यात पुन्हा प्रयत्न करते, मग पुन्हा, आणि प्रत्येक प्रयत्नाचे ८.३ मिलिसेकंद खर्ची पडतात. शंभर प्रयत्नांत जवळजवळ एक सेकंद जातो, आणि घरगुती डिस्क कित्येक सेकंदही चिकाटी सोडत नाही. तेवढा वेळ माउसचा बाण हलतो, पण खिडकी उघडत नाही. एखादी विशिष्ट फाइल किंवा फोल्डर उघडतानाच दर वेळी असे होत असेल, तर ते फार महत्त्वाचे लक्षण मानावे.

या प्रयत्नांची नोंद डिस्क स्वतः ठेवते. त्या नोंदवहीला ‘स्मार्ट’ म्हणतात आणि ती क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स अशा मोफत साधनांनी वाचता येते. तिच्या लांबलचक तक्त्यातल्या चारच ओळी नीट पाहाव्यात. क्रमांक ५ म्हणजे निकामी ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित सेक्टर, १९८ म्हणजे न वाचता आलेले सेक्टर आणि १९९ म्हणजे डिस्क व मदरबोर्ड यांच्यामधल्या प्रवासात झालेल्या चुका. पहिल्या तिन्ही ओळींत मूळ आकडा शून्य असणे उत्तम. क्रमांक १ पाहून मात्र घाबरू नये. काही उत्पादकांच्या निरोगी डिस्कमध्येही तिथे कोट्यवधींचा आकडा दिसतो, कारण तो साध्या मोजणीचा नसतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे सुरुवातीला षोडशमान (सोळा अंकांच्या) पद्धतीत दाखवते, त्यामुळे तिथला १० म्हणजे प्रत्यक्षात सोळा.

केवळ १९९ वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. केबल बदलावी आणि आकडा तिथेच थांबतो का ते पाहावे; तो कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

या नोंदवहीवर कितपत विसंबावे, याचे उत्तर गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कच्या अभ्यासातून दिले. डिस्कच्या पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत, ३९ पट असल्याचे त्यांना दिसले. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या सर्वांत बोलक्या चार नोंदींमध्ये कोणताही इशारा दिलेला नव्हता. थोडक्यात, वाईट नोंद गंभीरपणे घ्यावी, पण चांगली नोंद म्हणजे हमी नव्हे.

म्हणूनच क्रम कळीचा आहे. क्रमांक १९७ किंवा १९८ शून्याच्या वर गेला असेल, तर सर्वप्रथम महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात आणि तोपर्यंत डीफ्रॅग किंवा विंडोजच्या चेकडिस्क या साधनाची प्रत्येक सेक्टर धुंडाळणारी दीर्घ तपासणी यांना हात लावू नये. दोन्ही कामे तासन्‌तास चालतात, आणि जी डिस्क थोड्याच वाचनांपुरती तग धरणार आहे, तिची उरलीसुरली ताकद त्यातच संपते. फाइली उतरवताना कागदपत्रे आणि छायाचित्रे आधी घ्यावीत. एखादी फाइल अडली, तर ती सोडून पुढे जावे. बरेच सेक्टर खराब असतील, तर लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हे साधन वापरावे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अवघड जागांकडे शेवटी वळते. आतून लयीत टकटक ऐकू येत असेल, तर वीज बंद करून डिस्क माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे सोपवावी.

डिस्क केवळ दमलेली निघाली, तर विंडोज एसएसडीवर (चिपांमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवर) हलवण्याइतका परिणामकारक बदल दुसरा नाही. तिच्यात फिरणारे काही नसल्यामुळे विखुरलेली जागा गाठायला तेरा मिलिसेकंदांऐवजी एका मिलिसेकंदाच्या दशांशाच्या आसपास वेळ लागतो. जुनी हार्ड डिस्क मग चित्रपट आणि छायाचित्रांसारख्या सलग वाचल्या जाणाऱ्या मोठ्या फाइलींसाठी वापरता येते, आणि त्या कामात ती अजून बरीच वर्षे उपयोगी पडू शकते.