पोटातल्या हायड्रोजनचं काय होतं?

नागपुरात सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर एक वाक्य हमखास कानावर पडतं, "भाऊ, चने कमी टाक, गॅस होते." परवा त्यावर बाजूचा गिऱ्हाईक म्हणाला, "माह्या पोटात तं गोबर गॅसचा प्लांटच हाय." सगळे हसले. मला मात्र ते वाक्य सोडवेना, कारण त्यात बरंच तथ्य आहे.

हरभऱ्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडणारं विकर आपल्या आतड्यात तयार होत नाही. त्या तशाच पुढे सरकतात आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतात. तिथे ऑक्सिजन जवळपास नसतोच. जिवाणू साखर आंबवतात आणि ॲसिटेटसारखी आम्लं, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन बाहेर पडतात. माझा जीव अडकतो तो या हायड्रोजनमध्ये.

साखर मोडताना ऊर्जा मिळते, पण सोबत इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते कुणाला तरी द्यावेच लागतात. आपल्या पेशी ते ऑक्सिजनला देतात. आतड्यातला जिवाणू ते प्रोटॉनला देतो आणि हायड्रोजन वायू तयार होतो. अडचण अशी की एनएडीएच या वाहक रेणूकडचे इलेक्ट्रॉन प्रोटॉनला देणं ही आपसूक घडणारी क्रिया नाही. भोवती हायड्रोजन अगदी विरळ असेल तरच ती पुढे सरकते, वायू साचला की अडते. मग जिवाणू ते इलेक्ट्रॉन लॅक्टेट, इथेनॉल किंवा ब्युटिरेट बनवण्यात खपवतो. काम भागतं, पण तोटा होतो. ग्लुकोजच्या एका रेणूचं नुसतं ॲसिटेट केलं तर एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, साधारण ४ रेणू मिळतात, ब्युटिरेट केलं तर ३ आणि लॅक्टेट केलं तर २. म्हणजे हायड्रोजन उचलून नेणारा कुणी शेजारी असेल, तर तेवढ्याच साखरेत कमाई वाढते.

माणसाच्या पोटात हे काम प्रामुख्याने मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी करतो. नावात 'बॅक्टर' असलं तरी तो जिवाणू नाही. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून दाखवलं, की मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव वेगळ्याच घराण्यातले आहेत. हेच आर्किया. जिवाणूंच्या पेशीभित्तिकेत असतं ते पेप्टिडोग्लायकन त्यांच्यात नसतं आणि पेनिसिलिन त्याच्याच बांधणीवर घाव घालतं, म्हणून पेनिसिलिनचा त्यांच्यावर परिणाम होत नाही.

स्मिथी हायड्रोजनचे ४ रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा १ रेणू घेतो आणि मिथेनचा १ रेणू आणि पाण्याचे २ रेणू तयार करतो. वायूचे ५ रेणू गेले, आला एकच! म्हणजे हा जीव पोटातला वायू वाढवत नाही, उलट कमी करतो. मिथेनला वासही नाही. दुर्गंधी येते ती हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकाच्या संयुगांमुळे.

गोबर गॅसच्या टाकीशी तुलना एका ठिकाणी तुटते. टाकीतला बराच मिथेन ॲसिटेट फोडून बनतो, पण ते काम करणारे आर्किया फार सावकाश वाढतात. टाकीत शेण कित्येक आठवडे राहतं, आतड्यातून अन्न एक-दोन दिवसांत निघून जातं. त्यामुळे त्यांचा तिथे टिकाव लागत नाही. शिवाय पोटातलं ॲसिटेट आपणच शोषून घेतो.

काही मिथेन रक्तात शिरतो आणि फुप्फुसांतून बाहेर पडतो. म्हणून श्वासावरून त्याचं मोजमाप करता येतं. मिथेन जास्त असलेल्या लोकांत बद्धकोष्ठता अधिक आढळते आणि मिथेनने आतड्याची चाल मंदावते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पण 'गॅस डोक्यात चढला' या समजाला काही आधार नाही. छातीत दुखतंय आणि 'गॅसच असेल' म्हणून ओवा खाऊन झोपणं तर जिवावर बेतू शकतं. आणि पोटातल्या जंतूंचा अहवाल पाहून आयुष्यभराचा आहार ठरवून देऊ म्हणणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. कोणते जीव आहेत एवढी नुसती यादी पुरत नाही, कोण कुणाला काय देतं हे कळावं लागतं.

ही देवघेव किती घट्ट असते, ते १९६७ साली ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी उघड केलं. इथेनॉलपासून मिथेन करणारा 'मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की' हा एकच जीव आहे असं अनेक वर्षं मानलं जात होतं. निघाले दोन! एक इथेनॉल मोडून हायड्रोजन सोडायचा, दुसरा तो खायचा. वेगळे केल्यावर पहिल्याची इथेनॉलवरची वाढ लवकरच खुंटायची, कारण त्याचाच हायड्रोजन त्याला अडवायचा.

माणसाच्या पोटातली तशी जोडी ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली दाखवली. क्रिस्टेन्सेनेला मिनुटा हा जिवाणू द्रवात गोळे करून वाढतो. स्मिथीला सोबत सोडलं तर तो त्या गोळ्यांच्या आत जाऊन बसतो. हायड्रोजन तयार होतो तिथेच, हाताच्या अंतरावर. क्रिस्टेन्सेनेलाचं ब्युटिरेट घटतं आणि ॲसिटेट वाढतं, म्हणजे वरचा ३ आणि ४ एटीपीचा हिशेब जिवंत पेशीत घडताना दिसतो. मिथेन करणाऱ्या आर्कियांमध्ये एफ-४२० नावाचं सहविकर असतं. त्यावर जांभळा प्रकाश टाकला की ते निळसर हिरवं चमकतं. सूक्ष्मदर्शकाखाली गोळ्यातला शेजारी कुठे बसलाय, ते त्या उजेडावरून ओळखता येतं.