लाकूड, फिल्म आणि मागचं दार: अमेरिकन स्टेशन वॅगनची पार्श्वभूमी

जुनी अमेरिकन स्टेशन वॅगन, म्हणजे छत मागेपर्यंत नेऊन सामानासाठी जागा केलेली आणि मागे दार असलेली मोटार, पारखताना बॉनेट सगळ्यात शेवटी उघडावं. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक बहुतेक त्याच वर्षाच्या सेडानचे असतात आणि त्यांचे सुटे भाग आजही मिळतात. खिसा रिकामा होतो तो बाजूच्या पत्र्यांवर आणि मागच्या दारावर. त्याचं कारण या गाडीच्या जडणघडणीतच आहे.

सुरुवात भाड्याच्या गाडीपासून झाली. मॉडेल टी फोर्डच्या चासीवर सुताराकडून लाकडी सांगाडा चढवून घ्यायचा आणि रेल्वे स्टेशनवरून उतारू व ट्रंका हॉटेलात पोचवायच्या. मागणी थोडी, त्यामुळे पत्रा दाबायचे महागडे साचे कोणाला परवडत नसत. लाकूड स्वस्त पडे. १९२९ मध्ये फोर्डने स्वतःची मॉडेल ए वॅगन आणली. तिच्यासाठीचं लाकूड मिशिगनमधल्या आयर्न माउंटनच्या परिसरातल्या फोर्डच्याच जंगलांतून येई. उरलेल्या तुकड्यांचा कोळसा करून विकत, तोच पुढे किंग्जफर्ड नावाने प्रसिद्ध झाला.

लाकडी वॅगन बोटीसारखी सांभाळावी लागे. वार्निश दरवर्षी नवं. ते टाळलं की पाणी दाराच्या खालच्या सांध्यांत आणि मागच्या खांबांच्या बुडाशी मुरतं, आधी काळे डाग पडतात, मग लाकूड भुसभुशीत होतं. टोच्या दाबून पाहावा. आत गेला तर नुसत्या पॉलिशने भागणार नाही. कुजलेला भाग कापून त्याच जातीचं लाकूड तिरक्या सांध्याने जोडायचं, सांध्याची लांबी जाडीच्या निदान आठपट. चिकटवायला इपॉक्सी. डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या द्रावणाने निघतात, पण नंतर लाकूड भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावं. मग बोटींसाठीच्या वार्निशचे सहा ते आठ हात, प्रत्येक दोन हातांमध्ये ३२० नंबरचा पॉलिश पेपर.

१९४६ च्या विलीस जीप स्टेशन वॅगनने हा व्याप संपवला. आराखडा ब्रूक्स स्टीव्हन्स यांचा, बॉडी संपूर्ण पोलादी, आणि तरीही बाजूंना रंगाने लाकडी चौकटी काढलेल्या! १९४९ मध्ये प्लिमथ सबर्बन पोलादात आली. खऱ्या लाकडाची शेवटची मोठी अमेरिकन वॅगन १९५३ ची ब्यूइक. फोर्डच्या कंट्री स्क्वायरवर तर १९५२ पासूनच पत्र्यावर लाकडी रेषांची चिकटवलेली फिल्म होती.

ही फिल्म उन्हाने फिकी पडते, तडकते. हीट गनने कोमट करून ती निघते, चिकटा सॉल्व्हंटने पुसावा लागतो. खरा धोका कडेच्या पट्ट्यांखाली असतो: क्लिपांच्या भोकांतून पाणी शिरून पत्रा आतून गंजतो, वरून काही दिसत नाही. म्हणून पट्ट्या काढल्याशिवाय भाव ठरवू नये. नवा रंग पूर्ण सुकल्यावरच नवी फिल्म लावायची, नाहीतर रंगातला थिनर बाहेर पडताना फुगे येतात.

मागच्या दाराची गंमत वेगळीच. फोर्डने १९६६ मध्ये एकच दार खाली पाडता येईल आणि बाजूलाही उघडता येईल असं बनवलं. १९६९ पासून ते काच वर असतानाही बाजूला उघडू लागलं. हे आजही सगळ्यात कमी कटकटीचं. उलट जनरल मोटर्सने १९७१ ते १९७६ च्या मोठ्या वॅगनना काच छतात आणि दार गाडीच्या तळाखाली सरकणारी यंत्रणा दिली. पार्किंगमध्ये मागे जागा नसली तरी सामान भरता येई, कल्पना उत्तमच. पण दार सरकतं त्या पोकळीत रस्त्याची घाण आणि बर्फावर टाकलेलं मीठ साचतं, निचऱ्याची भोकं बुजतात, रुळ गंजतात आणि दार तिरकं होऊन अडकतं. अशा वेळी बटण दाबून धरलं की मोटर जळते. आधी बटण दाबून मोटरपाशी व्होल्टेज मोजावं; १२ ऐवजी ९-१० दिसलं तर स्विच आणि अर्थिंगची जोडणी घासून साफ करावी. ते ठीक असेल तर रुळ स्वच्छ करून पांढरं लिथियम ग्रीस. उघडताना काच आधी, बंद करताना दार आधी. या गाड्यांना मागे सेडानच्या कॉइल स्प्रिंगऐवजी पाटे आहेत, तेव्हा सेडानचे मागचे स्प्रिंग मागवू नयेत.

दाराभोवतीचं रबर कडक झालं असेल तर दुरुस्तीत पहिला नंबर त्याचा. धावत्या वॅगनच्या मागे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे सायलेन्सरचा धूर फटीतून आत ओढला जातो. मागची काच उघडी टाकून गाडी चालवणं याच कारणाने घातक.

१९७३ चं तेलसंकट, मग १९७८ पासून मोटारींना लागू झालेले इंधनबचतीचे निकष यांनी या गाड्यांची कोंडी केली. १९८४ च्या मॉडेलची क्रायस्लरची मिनीव्हॅन हलक्या ट्रकांत मोडत असल्याने तिला सौम्य निकष होते, आणि कुटुंबं तिकडे वळली. कंट्री स्क्वायर १९९१ मध्ये थांबली, जनरल मोटर्सच्या मोठ्या वॅगन १९९६ मध्ये. त्यामुळे मागचं दार, त्याची काच, छताच्या कडा हे भाग क्वचितच नव्याने बनतात. शक्य असेल तर त्याच वर्षाची, त्याच कंपनीची एक भंगार वॅगन भागांसाठी घेऊन ठेवावी, आणि ती घेताना फक्त मागची बाजू शाबूत आहे का तेवढं पाहावं.