गव्हाची गुणसूत्रं तोडतात म्हणजे नेमकं काय करतात?

दिवाळीनंतर गव्हाच्या बियाण्याची बॅग न्यायला आलेले काही जण काउंटरवर दबक्या आवाजात विचारतात, "भाऊ, यातली गुणसूत्रं तोडलेली आहेत म्हणे?" मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराचा प्रताप! गव्हाची गुणसूत्रं तोडतात हे खरं, पण ती प्रयोगशाळेतल्या गव्हाची. आमच्या बॅगेतल्या नाही.

गुणसूत्रं म्हणजे पेशीतले जनुकं वाहणारे धागे. साध्या गव्हाच्या पेशीत ती ४२ असतात. बन्सी आणि खपलीत २८. साधा गहू तीन गवतांच्या संकरातून झालेला, त्यामुळे एकाच कामाची जनुकं बहुधा तीन जागी असतात. एकाचा तुकडा गळाला तरी उरलेले दोघे घर चालवतात. ज्वारीला असं सहसा निभत नाही.

तोडायला सुरी लागत नाही. एजिलॉप्स सिलिंड्रिका या रानगवताचं एक गुणसूत्र संकराने गव्हात आणतात. ते मोठं खोडसाळ: ज्या बीजपेशीत ते स्वतः उतरत नाही, तिथली गव्हाची गुणसूत्रं तोडून ठेवतं. तरीही जगली ती रोपं निवडतात. जपानचे एंडो आणि अमेरिकेचे गिल यांनी १९९६ मध्ये 'चायनीज स्प्रिंग' या वाणात अशा ४३६ तुटी नोंदवल्या.

तूट दिसते कशी? ओल्या पोत्यात १०० दाणे गुंडाळून तुम्ही उगवण बघता ना, तेव्हा निघणारी पांढरी मुळी आठवा. तिचं टोक कापून, रंगवून, काचेवर दाबलं की सूक्ष्मदर्शकाखाली पट्ट्यापट्ट्यांची गुणसूत्रं दिसतात. कोणतं आखूड झालं तेही कळतं.

उपयोग मात्र लाइनमनला विचारा. तो एकेका डांबावर तार सोडून बघतो, कुठून पुढे अंधार झाला. इथेही तुटीपासून टोकापर्यंतचा भाग गेलेला असतो. एका रोपात जनुकाची खूण सापडते, जरा अलीकडच्या डांबावर तुटलेल्या रोपात सापडत नाही; म्हणजे जनुक त्या दोन डांबांच्या मध्ये. हाच जनुकांचा नकाशा. ती रोपं पेरणीसाठी नसतातच, कित्येक तर धड दाणाही धरत नाहीत.

एक गोष्ट लपवत नाही. १९५६ मध्ये अमेरिकेत सिअर्स यांनी क्ष-किरणांनी गुणसूत्रं तोडून रानगवतातला तांबेरा-प्रतिकार गव्हात आणला, आणि तो तुकडा पुढे तिथल्या वाणांत गेलाही. पण ते काम वेगळं, नकाशाचं वेगळं. बीटी कापसाशी तर दोन्हींचा संबंध नाही. जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या गव्हाला भारतात लागवडीची परवानगीच नाही.

आमचे वाण नेहमीच्या संकर-निवडीतले आहेत. प्रमाणित बॅगेवरचा निळा टॅग आणि पक्कं बिल मळणीपर्यंत फेकू नका; उगवणीची तक्रार असेल तर दोन्ही घेऊन या.